यंत्र लहान झाले, पण ते बंद कोणी केले?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन बहुराष्ट्रीय कंपनीने विंडोज १० या आपल्या संगणक-प्रणालीला नेहमी मिळणारे मोफत संरक्षण थांबविले. तिच्या जागी आलेली विंडोज ११ ही प्रणाली कंपनीने ऑक्टोबर २०२१ मध्ये बाजारात आणली होती. परंतु साधारणपणे २०१७ पूर्वीच्या बनावटीचे प्रोसेसर असलेली यंत्रे तिच्यासाठी अपात्र ठरविण्यात आली. या एका निर्णयामुळे जगातील सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील, असा अंदाज कॅनालिस या बाजार-संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्येच वर्तविला होता. ही यंत्रे मोडलेली नव्हती. त्यांची कळफलके चालत होती, पडदे उजळत होते, दहा-बारा वर्षे कामगार संघटनांची निवेदने आणि शाळांचे निकालपत्रक त्यांवरच तयार होत होते. तरीही त्यांच्या मालकांना सांगण्यात आले की, आता नवे घ्या.

दुकानात गेल्यावर जे नवे समोर येते ते लहान, पातळ आणि हलके असते. पंधरा इंची, अडीच किलोचा जुना लॅपटॉप सोडून तेरा-चौदा इंची, सव्वा किलोचा नवा लॅपटॉप घेणे, हे स्थलांतर आज देशातील हजारो कचेऱ्यांत आणि घरांत चालू आहे. भांडवली वृत्तपत्रांच्या रंगीत पुरवण्या त्याला ‘प्रगती’ म्हणतात. पुरोगामी चळवळीच्या वर्तुळात मात्र त्याविषयी दोन मते ऐकू येतात. एक मत असे की, हा केवळ तंत्रज्ञानाचा प्रश्न आहे. यंत्रे सुधारतात, जुनी मागे पडतात, त्यात राजकारण शोधण्याचे कारण नाही. दुसरे मत असे की, हा चंगळवादाचा प्रश्न आहे. खऱ्या कार्यकर्त्याने जुनेच यंत्र अभिमानाने वागवावे आणि नव्याचा मोह टाळावा.

ही दोन्ही मते परस्परविरोधी भासतात. वस्तुतः ती एकाच चुकीवर उभी आहेत. यंत्र लहान होणे आणि यंत्र बंद होणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे दोन्ही पक्ष ध्यानात घेत नाहीत. पहिला पक्ष लहानपणाच्या कौतुकात कुलपाचेही स्वागत करतो. दुसरा पक्ष कुलपाच्या रागापोटी लहानपणालाच नकार देतो. यातून कामगारवर्गाची भूमिका निघू शकत नाही.

लहान होण्याचे श्रेय कोणाचे?

प्रथम हे निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे की, यंत्र लहान होणे ही चांगली गोष्ट आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत फिरणाऱ्या स्त्री कार्यकर्तीच्या खांद्यावरून सव्वा-दीड किलोचे ओझे उतरते, ही क्षुल्लक बाब नव्हे. एसटीच्या प्रवासात किंवा वीज गेलेल्या गावी जुना लॅपटॉप दोन तासांत मान टाकत असे, तेथे नवा दिवसभर काम देतो. घराच्या एका कोपऱ्यात, मुलांच्या वह्यांशेजारी मावणारे यंत्र हे प्रशस्त टेबल नसलेल्या माणसाचे यंत्र आहे. जुने ते सोने, हे तत्त्वज्ञान ज्यांना जुन्याचे ओझे स्वतः वाहावे लागत नाही त्यांनाच परवडते.

हे लहानपण कोठून आले? जुन्या यंत्रात फिरत्या चकतीची हार्ड डिस्क होती, डीव्हीडीचा खण होता, उष्णता बाहेर फेकणारा पंखा होता आणि विटेएवढा चार्जर होता. चकतीची जागा एसएसडीने घेतली. डीव्हीडीची गरज इंटरनेटने संपविली. प्रोसेसर कमी विजेत अधिक काम करू लागले, म्हणून पंखा लहान झाला; अ‍ॅपलच्या नोव्हेंबर २०२० मधील एअर या यंत्रात तो उरलाच नाही. आणि या सर्वांच्या मुळाशी असलेली लिथियम-आयन बॅटरी? तिचा कोबाल्ट ऑक्साइडचा ध्रुव १९८० मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठात जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केला. १९९१ मध्ये ती जपानमध्ये प्रथम बाजारात आली. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. विद्यापीठांतील संशोधक, कारखान्यांतील अभियंते आणि जोडणीच्या पट्ट्यावरील लाखो कामगार यांच्या सामाजिक श्रमाचे हे फळ आहे. ते कोणा एका कंपनीच्या प्रतिभेचे अपत्य म्हणून मिरविणे म्हणजे इतिहासाची चोरी होय.

कुलपाचा इतिहास

आता दुसऱ्या घटनेकडे वळावे. जानेवारी २००८ मध्ये अ‍ॅपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे कागदी लिफाफ्यातून एक लॅपटॉप बाहेर काढून दाखविला. मॅकबुक एअर हे त्याचे नाव. टाळ्या वाजल्या त्या त्याच्या पातळपणाला. त्याची रॅम, म्हणजे कार्यस्मृती, मुख्य पट्टीवर डाख लावून कायमची बसविलेली आहे, याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. २०१० मधील एअरच्या तळाला पाच पाकळ्यांचे वेगळेच स्क्रू आले; बाजारातील कोणताही साधा पेचकस त्यांना लागू होत नव्हता. स्क्रूचा आकार बदलल्याने यंत्र एका तोळ्यानेही हलके होत नाही, हे सांगावयास अभियंता लागत नाही. तेथे मालकाला स्वतःच्या यंत्राबाहेर ठेवणे एवढाच उद्देश होता.

जून २०१२ हा या इतिहासातील निर्णायक टप्पा आहे. त्या महिन्यात अ‍ॅपलने सुमारे तीन किलोचा, सतरा इंची मॅकबुक प्रो विक्रीतून काढून टाकला. त्या यंत्राची रॅम बदलता येत असे, डिस्क बदलता येत असे. त्याच प्रसंगी नवा, पातळ रेटिना मॅकबुक प्रो पुढे करण्यात आला. त्याची रॅम डाख लावून पक्की केलेली होती आणि बॅटरी गोंदाने चिकटविलेली होती. दुरुस्तीचे ज्ञान लोकांना खुले करणाऱ्या आयफिक्सिट या संस्थेने, आपण उघडलेल्या लॅपटॉपांत दुरुस्तीला सर्वांत अवघड असे त्याचे वर्णन केले. स्पर्धक कंपन्यांनी यापासून धडा घेतला तो अनुकरणाचा. लेनोव्होच्या २०१२ मधील एक्स-वन कार्बन या पातळ यंत्रातही रॅम पक्कीच होती. २०१५ मध्ये अ‍ॅपलने बारा इंची यंत्र आणले, त्याला ध्वनीच्या छिद्राखेरीज एकच जोडछिद्र ठेवले. पुढील काळात अनेक यंत्रांतील साठवणही पक्की झाली. परिणामी मुख्य पट्टी जळाली तर तिच्याबरोबर माणसाची वर्षानुवर्षांची कागदपत्रेही जातात.

ज्या बॅटरीला बाहेर येण्यासाठी पूर्वी दोन बोटांचा खटका पुरे होता, ती बदलण्यासाठी आता यंत्र तापवावे लागते, गोंद सोडवावा लागतो किंवा कंपनीच्या सेवाकेंद्रासमोर हात जोडून उभे राहावे लागते. पूर्वी माणूस आज परवडेल तेवढी रॅम घेई आणि तीन वर्षांनी पगार वाढल्यावर आणखी एक पट्टी घालून यंत्राचे आयुष्य वाढवी. आता त्याने खरेदीच्या दिवशीच पुढील सहा-सात वर्षांची गरज ओळखावी आणि तिचे पैसे कंपनीने ठरविलेल्या दराने आगाऊ मोजावेत, अशी व्यवस्था आहे. अ‍ॅपलने आठ जीबी वाढीव रॅमसाठी अनेक वर्षे २०० डॉलर आकारले. खुल्या बाजारात तेवढ्या क्षमतेची सुटी पट्टी त्याच काळात त्याच्या अंशमात्र किमतीला मिळत होती. हा भाव वस्तूचा नव्हे, कुलपाचा आहे. कोकणातील कुळाने जमीन कसावी आणि खंड मात्र खोताला द्यावा, तसाच हा खंड आहे.

‘अपरिहार्यते’चा युक्तिवाद

कंपन्यांचे वकील यावर एक उत्तर देतात आणि ते प्रामाणिकपणे तपासले पाहिजे. ते म्हणतात की, पातळपणाची ही किंमत आहे. डाख लावलेली रॅम कमी वीज खाते, प्रोसेसरच्या जवळ असल्याने अधिक वेगाने चालते. सुटी पट्टी बसविण्याचा खाचा जागा व्यापतो. यात तथ्यांश आहे. कमी विजेवर चालणारी रॅम बराच काळ केवळ पक्क्या स्वरूपातच बसविता येत होती, हे खरे आहे.

परंतु तांत्रिक अडचण सोडविण्यासाठी असते. ती सोडविण्याची इच्छा कोणाला होती, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेतील फ्रेमवर्क या लहानशा नव्या कंपनीने २०२१ मध्ये साडेतेरा इंची, १६ मिलिमीटरपेक्षा कमी जाडीचा आणि सुमारे १.३ किलो वजनाचा लॅपटॉप विक्रीस आणला. त्याची रॅम, साठवण, बॅटरी, पडदा, कळफलक, इतकेच नव्हे तर जोडछिद्रेसुद्धा मालकाला स्वतः बदलता येतात आणि त्यासाठी लागणारा पेचकस यंत्राबरोबरच दिला जातो. २०२४ मध्ये लेनोव्होने आपल्या एका थिंकपॅडमध्ये एलपीकॅम-२ नावाची नवी रॅम बसविली. ती कमी विजेवर चालते, पातळ आहे, वेगवान आहे आणि तरीही स्क्रू काढून बदलता येते. म्हणजे बारा-पंधरा वर्षे जी गोष्ट निसर्गनियमाप्रमाणे सांगितली जात होती, तिच्यावर उपाय निघाला. मक्तेदार कंपन्यांकडे अब्जावधी डॉलर आणि हजारो अभियंते होते. तरीही त्यांना हे लवकर सुचू नये, याचे कारण अभियांत्रिकीत शोधून सापडणार नाही. ते ताळेबंदात सापडेल.

फ्रेमवर्क हीसुद्धा नफ्यासाठीच चालणारी कंपनी आहे. तिच्याविषयी भाबडेपणा बाळगण्याचे कारण नाही. परंतु तिने एक गोष्ट सिद्ध केली: यंत्र लहान ठेवून उघडे ठेवता येते. यानंतर ‘अपरिहार्यता’ हा शब्द वापरणाऱ्याने आपण कोणाची बाजू घेत आहोत हे सांगितले पाहिजे.

न झिजलेल्या यंत्राचा मृत्यू

१८६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भांडवल’ ग्रंथाच्या पहिल्या खंडात मार्क्सने यंत्रांच्या दोन प्रकारच्या झिजेचे विवेचन केले आहे. एक झीज वापराने आणि न वापरण्यानेही होते. दुसरी झीज मार्क्सने ‘नैतिक’ म्हटली. तसेच यंत्र अधिक स्वस्तात बनू लागले किंवा अधिक चांगले यंत्र स्पर्धेत उतरले की धडधाकट यंत्राचेही मूल्य घटते. कारखानदार या झिजेला भितो. यंत्र जुने ठरण्यापूर्वी त्यातून सर्व काही पिळून घेण्यासाठी तो कामाचा दिवस लांबवितो.

मक्तेदारीच्या युगात या प्रक्रियेला नवे वळण मिळाले आहे. जी झीज स्वतःच्या कारखान्यात भांडवलदाराला नकोशी वाटते, ती ग्राहकाच्या घरातील यंत्रावर तो जाणीवपूर्वक लादतो. १९२४ मध्ये ओस्राम, फिलिप्स आदी दिवे-उत्पादकांनी फीबस नावाचे कार्टेल स्थापन करून विजेच्या दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणून ठेवले होते; त्याहून अधिक टिकणारे दिवे बनविणाऱ्या कारखान्यांना दंड ठेवला होता. शंभर वर्षांनी ही पद्धत परिष्कृत झाली आहे. दिव्याची तार बारीक करावी लागत नाही. एका तारखेची घोषणा पुरते.

ही घोषणाही किती ‘तांत्रिक’ असते, हे विंडोज १० च्या प्रकरणाने उघड केले. कंपनीने प्रथम सांगितले की, आणखी एक वर्षाचे संरक्षण हवे असेल तर ३० डॉलर भरा, किंवा आपल्या यंत्राची मांडणी कंपनीच्या साठ्यात जमा करा, किंवा तिच्या बक्षीस-योजनेचे गुण खर्च करा. युरोपातील ग्राहक संघटनांनी याविरुद्ध आवाज उठविला. तेव्हा सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय आर्थिक क्षेत्रातील नागरिकांसाठी तेच संरक्षण पैशाविना आणि तो साठा जमा करण्याच्या अटीविना देण्यात आले. इंदूर, बेळगाव किंवा नांदेडच्या माणसाचे यंत्र बर्लिनच्या माणसाच्या यंत्रापेक्षा तांत्रिकदृष्ट्या वेगळे होते काय? फरक यंत्रात नव्हता. फरक संघटित दडपणात होता.

हलकेपणाचा भार कोण वाहतो?

दुकानातील तराजूवर नवे यंत्र सव्वा किलो भरते. जगाच्या तराजूवर ते तेवढे हलके नाही. जगातील खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी दोन तृतीयांशाहून अधिक कोबाल्ट काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येते. तेथील कोल्वेझीच्या परिसरात माणसे, आणि मुलेसुद्धा, हाताने माती उकरून ते काढतात, हे अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१६ च्या अहवालात मांडले होते. यंत्रावर नाव अमेरिकन किंवा जपानी असले तरी ते जोडतात बहुधा तैवानी कंत्राटदारांच्या कारखान्यांतील कामगार. अशाच कंत्राटदारांपैकी विस्ट्रॉन या कंपनीच्या कर्नाटकातील नरसापुरा येथील फोन-कारखान्यात १२ डिसेंबर २०२० रोजी कंत्राटी कामगारांचा संताप उसळला. थकलेले आणि कापलेले वेतन, बारा-बारा तासांच्या पाळ्या ही त्यामागील कारणे होती. तोडफोडीची छायाचित्रे देशभर छापली गेली. वेतनचिठ्ठ्यांची छापली गेली नाहीत.

उतरत्या टोकाला काय घडते? २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातील एक चतुर्थांशही नोंदलेल्या, रीतसर मार्गाने गोळा होऊन पुनर्वापरात आला नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा २०२४ मधील अहवाल सांगतो. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये आणि मुरादाबादेत तारा जाळून तांबे काढणारे आणि आम्लात पट्ट्या बुडवून सोन्याचा कण शोधणारे हात याच साखळीचे शेवटचे कडे आहेत.

या दोन टोकांच्या मध्ये आणखी एक कामगार उभा आहे. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळूरचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट येथील अरुंद गाळ्यांत सूक्ष्मदर्शकाखाली मान वाकवून बसलेला तो दुरुस्ती-कारागीर. त्याने बहुधा कोणत्याही संस्थेतून प्रमाणपत्र घेतलेले नसते; उस्तादाच्या शेजारी बसून तो डाख उतरवायला आणि चढवायला शिकतो. त्याच्यासाठी जुना मोठा लॅपटॉप मेल्यावरही उपयोगी असतो. एकाची रॅम दुसऱ्यात जाते, एकाचा पडदा तिसऱ्याला लागतो आणि त्यातून बँकेचे कर्ज न काढता एखाद्या विद्यार्थ्याला चालता संगणक मिळतो. डाख लावलेल्या, गोंदाने भरलेल्या यंत्रातून अशी जीवदान देणारी सामग्री फारशी निघत नाही. ते गाळ्यातून सरळ सीलमपूरच्या भट्टीकडे जाते. कंपन्या कारागिराला सुटे भाग विकत नाहीत, पट्टीचे आराखडे देत नाहीत आणि वर त्यालाच ‘अनधिकृत’ म्हणतात. यंत्र बंद करणे म्हणजे या कुशल कामगाराच्या हातातील काम काढून घेणे होय. स्वयंरोजगाराची व्याख्याने झोडणाऱ्या राज्यकर्त्यांना हा रोजगार दिसत नाही.

मराठी मजकुराचे कुलूप

हा प्रश्न धातूपुरता आणि प्लास्टिकपुरताही राहत नाही. १९९० च्या दशकापासून मराठी छपाई संगणकावर आली, तेव्हा अक्षरजुळणीच्या प्रत्येक प्रणालीने अक्षरांना स्वतःचे संकेत दिले. एका प्रणालीतील ‘क’ दुसऱ्या प्रणालीत भलतेच चिन्ह होऊन उमटे. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी सामाईक संकेतप्रणाली प्रसिद्ध केली होती आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली. तरीही बाजारात खासगी संकेतांचेच राज्य चालू राहिले. त्यांतील अनेक प्रणाली संगणकाच्या पाठीमागे एक छोटे इलेक्ट्रॉनिक कुलूप खोचल्याखेरीज चालतच नसत.

आज एखादी कामगार संघटना किंवा छोटे मासिक जुना मोठा लॅपटॉप बाजूला ठेवून नवा लहान लॅपटॉप घेते, तेव्हा हे कुलूप खोचावयाचे छिद्रच नव्या यंत्राला नसते. जोडणी-तुकडा लावून छिद्र मिळविले तरी जुनी प्रणाली नव्या विंडोजवर चालेल याचा भरवसा नाही. फाइल उघडावी तर संपाची पत्रके, परिषदांचे ठराव, हुतात्म्यांवरील लेख, सारे इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या निरर्थक ओळी होऊन समोर येतात. म्हणूनच अनेक कचेऱ्यांत एक जुना, जड संगणक कोपऱ्यात जपून ठेवलेला दिसतो. त्याला कोणी भावनेपोटी ठेवलेले नसते. वीस-पंचवीस वर्षांच्या चळवळीचा मजकूर त्याच्याच पोटात असतो.

चळवळीचा इतिहास लिहिणारे हात चळवळीचे होते. पण तो वाचण्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात राहिली. यंत्र बदलण्यापूर्वी हा मजकूर युनिकोडमध्ये आणून ठेवणे हे म्हणून केवळ कारकुनी काम नाही. ज्या शाखेने ते टाळले, तिचा दप्तरखाना नव्या यंत्राच्या खरेदीच्या दिवशीच मुका होईल.

सरकार कोणत्या बाजूला आहे?

केंद्र सरकारने ३ ऑगस्ट २०२३ रोजी लॅपटॉपच्या आयातीला परवान्याची अट घातली आणि स्वावलंबनाचे नगारे वाजविले. दुसऱ्याच दिवशी ही अट ऑक्टोबरअखेरपर्यंत पुढे ढकलण्यात आली. त्याच महिन्यात अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कॅथरिन टाय यांनी दिल्लीत वाणिज्यमंत्र्यांपुढे हा विषय काढला. नोव्हेंबरपासून जी पद्धत आली ती आयातीच्या ऑनलाइन अनुमतीची होती. नगारे केव्हा थांबले, हे कोणाला कळलेही नाही. त्यापूर्वी मे २०२३ मध्ये संगणक-सामग्रीच्या उत्पादनासाठी १७,००० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर झाली होती. म्हणजे जनतेच्या तिजोरीतून कंपन्यांना पैसा द्यावयाचा. परंतु त्या पैशावर बनणारे यंत्र उघडता यावे, त्याचे सुटे भाग मिळावेत, कामगारांना कायम नोकरी आणि संघटनेचा हक्क असावा, यांपैकी काहीही त्या योजनेच्या केंद्रस्थानी नव्हते. यंत्र शेन्झेनमध्ये चिकटविले काय किंवा श्रीपेरुंबुदूरमध्ये चिकटविले काय, गोंद तोच.

दुरुस्तीच्या हक्कासाठी ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये एक संकेतस्थळ सुरू केले. सेवाकेंद्रांचे पत्ते आणि हमीच्या अटी एकत्र मिळणे सोयीचे आहे. परंतु संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. ज्याच्या भंगाबद्दल शिक्षा नाही, तो हक्क कंपनीच्या मर्जीवर राहतो. भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेतही मिनेसोटा आणि कॅलिफोर्निया राज्यांनी २०२३ मध्ये कंपन्यांना सुटे भाग, अवजारे आणि माहितीपत्रके देणे बंधनकारक करणारे कायदे केले. ओरेगॉनने २०२४ मध्ये सुट्या भागांना सॉफ्टवेअरने जखडण्याच्या प्रथेलाच हात घातला. हे कायदे अपुरे आहेत. पण शेतकरी, कारागीर आणि ग्राहक यांच्या दीर्घ लढ्यांनी ते मिळविले आहेत, भांडवलदारांनी दान दिलेले नाहीत.

आपल्या देशात वेगळा मार्ग दाखविणारे उदाहरणही आहे. केरळच्या सरकारी शाळांनी फार पूर्वीच मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग धरला. ऑक्टोबर २०२० मध्ये त्या राज्यातील सर्व सरकारी शाळा डिजिटल झाल्याची घोषणा झाली, तेव्हा त्या शाळांतील हजारो लॅपटॉप परदेशी कंपनीच्या परवान्यावर नव्हे, तर शिक्षण खात्याच्याच संस्थेने घडविलेल्या लिनक्स प्रणालीवर चालत होते. तेथे यंत्राच्या मरणाची तारीख रेडमंडमधून ठरत नाही. डाव्या चळवळीने सार्वजनिक शिक्षणासाठी दिलेल्या लढ्याचा हा वारसा इतर राज्यांतील सभासदांनी केवळ अभिमानाने सांगू नये, अभ्यासावा.

चळवळीचे कार्य

आता सुरुवातीच्या दोन मतांकडे परत यावे. ‘त्यात राजकारण नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तर मिळाले आहे. स्क्रूच्या आकारापासून आयातीच्या परवान्यापर्यंत येथे सर्वत्र राजकारण आहे. फक्त ते आजवर एकाच वर्गाने केले आहे. ‘जुनेच वापरा’ म्हणणाऱ्यांच्या काटकसरीविषयी आदर बाळगूनही सांगितले पाहिजे की, सामाजिक प्रश्नाला वैयक्तिक सद्गुणाचे उत्तर पुरे पडत नाही. ज्याचे यंत्र एका तारखेने मारले गेले, त्याला वैराग्य शिकविणे म्हणजे मारणाऱ्याला मोकळे सोडणे होय. ज्या कार्यकर्तीला हलके यंत्र लागते तिने ते घ्यावे, आणि ताठ मानेने घ्यावे. ते घेताना ते उघडते काय, हे मात्र विचारावे. आणि विचारून थांबू नये.

या प्रश्नावर पुढील मागण्या घेऊन कामगार, विद्यार्थी आणि ग्राहक संघटनांत काम उभे राहिले पाहिजे.

१. लॅपटॉपची बॅटरी, रॅम व साठवण साध्या अवजारांनी बदलता येईल, अशी रचना कायद्याने बंधनकारक करावी. विक्रीनंतर किमान दहा वर्षे सुटे भाग वाजवी दराने पुरवावेत.

२. पट्टीचे आराखडे आणि दुरुस्तीची माहितीपत्रके सर्व कारागिरांना खुली करावीत. सुटे भाग सॉफ्टवेअरने जखडण्यास बंदी घालावी.

३. ज्या यंत्राचे संरक्षण कंपनी थांबविते, त्यावर दुसरी प्रणाली बसविण्यात कोणताही अडथळा ठेवता कामा नये. युरोपातील ग्राहकाला मिळालेली सवलत भारतीय ग्राहकालाही मिळाली पाहिजे.

४. सरकारी निधीतून होणारी सर्व संगणक-खरेदी दुरुस्तीयोग्य यंत्रांची आणि मुक्त सॉफ्टवेअरची असावी. प्रोत्साहन निधी घेणाऱ्या कारखान्यांत कायम नोकरी, किमान वेतन आणि संघटना-स्वातंत्र्य या अटी लागू कराव्यात.

५. दुरुस्ती-कारागीर आणि भंगार-कामगार यांना कामगार म्हणून मान्यता, सामाजिक सुरक्षा आणि विषारी धुरापासून संरक्षण द्यावे.

याबरोबरच प्रत्येक कचेरीने स्वतःच्या घरापासून आरंभ करावा. जुना मोठा लॅपटॉप भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्यातील मराठी मजकूर युनिकोडमध्ये उतरवून दोन ठिकाणी जपावा. यंत्र चालत असेल तर त्यावर लिनक्स बसवून ते अभ्यासवर्गाला किंवा वस्तीतील वाचनालयाला द्यावे. अक्षरजुळणी, वाचन आणि पत्रव्यवहार यांसाठी ते आणखी काही वर्षे सहज पुरेल. दुरुस्तीचे काम शहरातील कारागिराकडे न्यावे आणि त्याला संघटनेत आणावे.

यंत्र लहान करण्याचे काम श्रमिकांच्या बुद्धीने आणि हातांनी केले आहे. ते बंद करण्याचे काम मूठभर कंपन्यांच्या संचालक मंडळांनी केले आहे. पहिले काम आपले म्हणून स्वीकारायचे आणि दुसरे उलटवायचे, अशी दुहेरी लढाई पुढे आहे. नवे, हलके यंत्र खांद्याला लावून बैठकीस निघालेल्या कार्यकर्त्याच्या पिशवीत या मागण्यांचे पत्रकही असले पाहिजे.